फेरतपासणी

कोट पलंगावर उताणा पडला होता आणि तपासनिसांची पत्नी त्याची झडती घेत होती. आतल्या खिशातून मोजपट्टी निघाली, बाहेरच्या खिशातून भिंग निघाले, आणि सभ्य माणसे जिथे रुमाल ठेवतात त्या छातीवरच्या खिशातून एक लहानशी लाकडी हातोडी निघाली. ही कशाला, असे पत्नीने विचारले नाही. संसार जुना झाला की अशा प्रश्नांची उत्तरे पाठ असतात. तिने तिन्ही वस्तू उशीखाली सरकवल्या आणि उशीवर स्वतः बसली.

"आज कुठलीही वस्तू वाजवून बघायची नाही," ती म्हणाली. "उलटी करून बघायची नाही. आणि मत द्यायचं नाही. कबूल?"

"कबूल," तपासनीस म्हणाले. शब्द दिला की तो अक्षरशः पाळायचा, हा त्यांचा नियम होता. त्या दिवशी जे पुढे झाले, ते या 'अक्षरशः'मुळेच झाले.

तपासनीस म्हणजे बादल्यांच्या कारखान्यातले निवृत्त मुख्य तपासनीस. तंत्रनिकेतनातून बाहेर पडले ते थेट बादल्यांत शिरले आणि डोक्याचे केस पिकेपर्यंत तिथेच राहिले. त्यांची पद्धत ठरलेली होती. वरची कड पाहायची, मधले पोट पाहायचे, तळ पाहायचा. माल चोख असेल तर पांढऱ्या खडूने बरोबरची खूण. शंका असेल तर लाल फुली; तिचा अर्थ एवढाच, की या मालाची फेरतपासणी व्हायची आहे. जो माल खरोखरच बाद, त्याला खडू लावीतच नसत. त्याच्या तळाला हातोड्याने पोचा पाडीत. लाल फुली म्हणजे बाद नव्हे, हे कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही माहीत होते. बाहेरच्या जगाला मात्र ते कोणी सांगितले नव्हते.

एवढी सावधगिरी बाळगायला कारणही तसेच होते. लेकीने एक मुलगा पसंत केला होता, मुलाने लेकीला पसंत केले होते, आणि आता फक्त मुलाच्या आईचा होकार यायचा होता. बाई कडक, असे लेकीनेच सांगितले होते. त्यांचे मन एकदा फिरले की फिरले. याआधी एक स्थळ जवळजवळ जमले असताना तपासनिसांनी मुलाकडच्या दिवाणखान्यातला प्रत्येक कप नखाने वाजवून पाहिला होता आणि दोन कपांना तडा आहे असे यजमानांना चहा पिता पिता कळवले होते. ते स्थळ त्या कपांसारखेच निघाले. या वेळी मात्र लेकीने फोनवर स्पष्ट सांगितले, "बाबा, हा मुलगा मला खरंच हवाय. तुम्ही फक्त हसा."

भेट घरी नको, असे मुलाच्या आईचेच म्हणणे होते. शहरातल्या मोठ्या सभागृहात खाद्यपदार्थ आणि वाइन यांचा आस्वाद मेळा होता. त्याची तिकिटेही त्यांनीच पाठवली होती. त्या तिथेच भेटतील, एवढेच लेक म्हणाली आणि पुढचे काहीतरी गिळल्यासारखी गप्प झाली. मग तिने मेळ्यात काय काय असते ते समजावून सांगितले. दारात तिकीट दाखवले की मनगटाला कागदी पट्टी बांधतात आणि हातात काचेचा पेला देतात. तो शेवटपर्यंत आपलाच. टेबलाटेबलांवरून फिरायचे, घासभर खायचे, घोटभर प्यायचे. पेला देठाशी धरायचा, हलकेच फिरवायचा, वास घ्यायचा, मग घोट. आणि घोट गिळायचा नसेल तर बाजूला ठेवलेल्या बादलीत टाकायचा.

"बादली?" तपासनीस खुर्चीत सरळ झाले. "कशाची असते?"

लेकीने फोन आईला द्यायला सांगितला.

वेळेआधी पोहोचणे हाही त्यांचा नियम असल्यामुळे तपासनीस आणि पत्नी आत शिरले तेव्हा लेक आणि होणारा जावई वाटेतच होते. सभागृह प्रशस्त होते. टेबलांवर शुभ्र कापड, कापडावर थाळ्या आणि बाटल्या, आणि प्रत्येक थाळीसमोर एक लहानशी काळी पाटी. पाटीवर पदार्थाचे नाव खडूने लिहिलेले. तपासनिसांचा हात आपोआप चष्म्याच्या घराकडे गेला. पत्नीने कोटाचे सगळे खिसे तपासले होते. चष्म्याचे घर उघडून पाहायचे तिच्या डोक्यात आले नव्हते. त्यात चष्मा कधीच नसे, कारण तो नाकावर असे. त्यात दोन खडू असत.

अगदी सुरुवातीला त्यांची बोटे खडूला लागलीसुद्धा नाहीत. पण पहिल्याच टेबलाशी ती बादली दिसली. पोलादी, बसकी, कडेला गोल वळण दिलेली. तपासनीस वाकले. कड पाहिली, पोट पाहिले, आतल्या द्रवाची पर्वा न करता ती किंचित कलती करून तळ पाहिला. जोड कुठे आहे तेच कळत नव्हते. डोळे भरून यावेत असे काम होते. मत द्यायचे नाही असा शब्द दिला होता. खूण करायची नाही असा शब्द कोणी मागितलाच नव्हता. त्यांनी बादलीच्या पोटावर पांढऱ्या खडूने एक सुबक खूण केली.

टेबलामागच्या वाइनवाल्याला वाटले, ही खूण आपल्या वाइनला आहे. त्याने कृतज्ञतेने पेला चांगला अर्धा भरला. तपासनिसांनी तो शिकवल्याप्रमाणे फिरवला, हुंगला आणि गिळला. त्या देखण्या बादलीत थुंकणे त्यांच्या जिवावर आले. शिवाय पास झालेला माल फेकून देणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते.

इतक्यात पत्नीला जुनी शेजारीण भेटली. दोघी एका खांबाशी थांबल्या, आणि तपासनिसांवरचा पहारा उठला.

पुढे सगळे क्रमाने होत गेले. ऑलिव्हच्या थाळीसमोरच्या पाटीला पांढरी खूण मिळाली. धुरावलेल्या माशाला मिळाली. एका लाल वाइनला मिळाली आणि तीही गिळली गेली. पाटीवर खडूनेच लिहिलेले असल्यामुळे खडूची खूण अगदी अधिकृत दिसत होती. मागून येणाऱ्या टाय लावलेल्या एका गृहस्थांच्या ते प्रथम लक्षात आले. त्यांनी बायकोला सांगितले, तिने बहिणीला सांगितले, आणि पाहता पाहता तपासनिसांच्या मागे एक शिस्तबद्ध रांग तयार झाली. ते थांबत तिथे रांग थांबे; ते खूण करीत तिथे थाळी रिकामी होई. आयोजक बाईंनी लांबून हे पाहिले. मेळ्यासाठी बोलावलेले परीक्षक अजून यायचे होते. तेच लवकर आले असावेत, असा त्यांचा समज झाला. त्यांनी धावत येऊन तपासनिसांच्या छातीवर निळी फीत टाचली. सर्वांत आधी आल्याबद्दल ही फीत असावी, असे तपासनिसांना वाटले. वक्तशीरपणाची कोणीतरी कदर केली म्हणून ते सुखावले. आत गेलेल्या घोटांनीही सुखात भर घातली होती. त्यांच्या खुणा आता कारखान्यातल्यापेक्षा लांबरुंद होऊ लागल्या होत्या.

अशा थाटात ते कोपऱ्यातल्या टेबलाशी आले. टेबलामागे जाड भुवयांच्या, एप्रन बांधलेल्या एक बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. समोर चीजची एक गोल वडी होती आणि तिच्या अंगभर निळ्या-हिरव्या रेषा पसरल्या होत्या. तपासनिसांनी तुकडा उचलला. वास त्यांना मोज्यांपर्यंत घेऊन गेला. चव त्याहून पुढे घेऊन गेली.

"कसं वाटलं?" बाईंनी विचारले.

"मला मत द्यायला बंदी आहे."

"कुणाची?"

तपासनिसांनी खांबाकडे बोट केले.

"त्यांना नका सांगू," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदाच विकायला ठेवलंय. घरातले सगळे छान म्हणतात. घरातल्यांचं काय, मी दगड वाढला तरी छानच म्हणतील."

"याला बुरशी आली आहे," तपासनिसांच्या तोंडून निघून गेले.

"ती मुद्दाम आणलीय."

"मुद्दाम केला तरी तो दोषच धरतात," ते म्हणाले. मग शब्द आठवून ओठ मिटले आणि लाल खडू काढला. वाइनचा प्रभाव म्हणा किंवा बाईंच्या भुवयांचा, फुली जरा मोठीच झाली. पाटीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि चीजचे नाव तिच्याखाली दिसेनासे झाले.

रांगेतून एक दबका सुस्कारा उठला. टायवाल्या गृहस्थांनी हातातला तुकडा खाली ठेवून बोटे रुमालाला पुसली. त्यांच्या बायकोने याआधीच एक तुकडा खाल्ला होता. ती पोटावर हात ठेवून बादली शोधू लागली. रांग टेबलापासून असे अंतर राखून वळली, की जणू तिथे ओला रंग आहे. कोणीतरी आयोजक बाईंना बोलावले. त्यांनी फुली पाहिली, फीत पाहिली आणि थाळीवर झाकण घातले. एप्रनवाल्या बाई हाताची घडी न सोडता तपासनिसांकडे पाहत राहिल्या.

नेमक्या त्याच वेळी लेक धापा टाकीत आली. मागे होणारा जावई होता. लेकीने आधी बाबांना पाहिले, मग निळी फीत पाहिली, मग पाटी पाहिली.

"बाबा," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "या यांच्या आई."

खुलासा तिथल्या तिथे झाला. विहीणबाईंनीच लेकीकडून शपथ घेतली होती, की चीज माझे आहे हे आईवडिलांना सांगायचे नाही. ओळख न देता त्यांना माणसेही पाहायची होती आणि चीजही कळायचे होते. दोन्ही एकदमच पाहून झाले. लेकीच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू चीजच्या रेषांशी जुळू लागला. पत्नी शेजारणीला तशीच सोडून आली. तपासनिसांना तिची नजर बघूनच उशीखालची हातोडी आठवली.

क्षमा मागणे हा एक मार्ग होता. पण क्षमा चुकीची मागतात, आणि पद्धतीत तर चूक झालेली नव्हती. तपासनिसांनी कोट खाली ओढून सारखा केला आणि लाल फुलीचा अर्थ सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितला. फुली म्हणजे बाद नव्हे. फुली म्हणजे फेरतपासणी. आणि फेरतपासणी ज्याने शंका घेतली त्यानेच करायची असते, वरचा, मधला आणि तळाचा असे तीन नमुने घेऊन.

"म्हणजे तुम्ही हे आणखी तीनदा खाणार?" विहीणबाईंनी विचारले.

"नियम आहे," तपासनीस म्हणाले.

झाकण निघाले. वळलेली रांग पुन्हा वळली आणि टेबलाभोवती गोल उभी राहिली. विहीणबाईंनी हात आखडता घेतला नाही. वरचा नमुना तपासनिसांनी डोळे मिटून गिळला; तो घशाखाली जाताना त्यांच्या कानशिलांतून काहीतरी बाहेर गेल्यासारखे वाटले. पत्नीने कधी नव्हे ते स्वतः बादली पुढे केली. त्यांनी मानेनेच नकार दिला. मधला नमुना त्यांनी चावला. चावताना त्यांची भुवई जराशी वर गेली आणि तिथेच राहिली. तळाचा नमुना ते इतका वेळ चघळत राहिले, की टायवाल्या गृहस्थांनी अस्वस्थ होऊन टाय सैल केला.

"नमुना अपुरा आहे," अखेर तपासनीस म्हणाले. "अजून एक द्या."

आणखी दोन नमुने गेल्यावर त्यांनी हात झटकले.

"माल चोख आहे," ते म्हणाले. "पहिल्या वेळी मोजायचं गेजच चुकलं होतं." आणि खुलाशासाठी त्यांनी स्वतःच्या जिभेला बोट लावले. मग बाहीने फुली पुसली आणि तिच्या जागी पांढरी खूण केली. तिचा आवाका या वेळी बेताचा होता. एवढे हाल सोसून पास झालेला माल सभागृहात दुसरा नव्हता. रांगेने वडीचा फन्ना उडवायला फारसा वेळ घेतला नाही.

विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. होकार नाही, नकार नाही. त्यांनी चष्म्याचे घर मागून घेतले, खडू उलटसुलट करून पाहिले, घर बंद करून परत दिले. लेकीशी दोन शब्द बोलल्या. निरोप घेताना त्यांनी तपासनिसांच्या पाठीवर थोपटल्यासारखे केले, तेही जरा जास्तच वेळ. लेक मुलाबरोबर मागे राहिली.

परतीच्या बसमध्ये मागच्या बाकावरचे लोक उगाचच खुसखुसत होते. पत्नी खिडकीबाहेर पाहत होती. तपासनीस कपांचे स्थळ आठवत बसले. घरी आल्यावर त्यांनी कोट काढून पलंगावर पालथा टाकला, आणि दोघेही जागच्या जागी थबकले.

पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, भलीमोठी लाल फुली होती.

तपासनिसांनी चष्म्याचे घर उघडले. आत फक्त पांढरा खडू होता. तेवढ्यात फोन वाजला. पत्नीने तो कानाला लावला, बराच वेळ ऐकला, आणि उशीवर बसून पदराने डोळे पुसू लागली. हसू आवरत नव्हते म्हणून तिला सांगायलाही वेळ लागला. विहीणबाई म्हणाल्या होत्या, मुलगी पास आहे. वडिलांबद्दल जराशी शंका आहे. रविवारी दोघांनी जेवायला यावे. तीन नमुने लागतील, म्हणजे न्याहारी आणि संध्याकाळचा चहाही तिथेच.

तपासनीस काही वेळ फुलीकडे पाहत राहिले. रेघा सरळ होत्या, दाब एकसारखा होता, दोन्ही रेघा मध्यावर नेमक्या छेदत होत्या. शिकाऊ हाताचे हे काम नव्हते. पत्नीने ब्रश उचलला तसा त्यांनी तिचा हात धरला.

"असू दे," ते म्हणाले. "फेरतपासणी होईपर्यंत खूण पुसत नाहीत."