बेडूकमाशाचं उद्घाटन

ज्याचं उद्घाटन झालेलं नाही, ते अस्तित्वात नसतं. बारामती-इंदापूर पट्ट्यात एखाद्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या वर्षभर धावतात, पण फीत कापेपर्यंत तो रस्ता नसतोच (खड्डे असतात, त्यांना फीत लागत नाही).

संजीवनीबाई बारामतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. घाटमाथ्यावर एक बेडूक आहे, तो फारसा कुणाला ठाऊक नाही. त्याची पिल्लं, म्हणजे बेडूकमासे, कशी असतात हे तर कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं. बाईंनी त्याची अंडी आणून पणदरे गावातल्या घरी काचेच्या बरणीत वाढवली. त्यातला एकच जगला. त्याच्या ओठांवरच्या बारीक दातांच्या रांगा तेवढ्या मोजायच्या राहिल्या होत्या. मात्र घाई होती, कारण पाय फुटले की ते दात झडतात. बाईंचा जीव त्या बरणीत अडकला होता.

त्यांनी भिंग उचललं आणि कॉलेजचे अध्यक्ष सर्जेराव दारात आले.

"बाई, थांबा! डोंगरातलं लेकरू आपल्या तालुक्यात आलंय, त्येचं दात असं गुपचूप मोजायचं व्हय? पाव्हण्यांच्या हातनं सुरवात करू."

तर्क बिनतोड होता. बरणीच्या तोंडाला फडकं आणि लाल फीत बांधून गाठीवर कॉलेजचा शिक्का मारण्यात आला (फडकं विरळ घेतलं, कॉलेज निर्दयी नाही).

पाहुण्यांनी पहिली तारीख एका साखरपुड्यासाठी बदलली, दुसरी एका दशक्रियेसाठी आणि तिसरी त्याच साखरपुड्याच्या लग्नासाठी. एका सकाळी बाईंच्या सासूबाई ठमाबाई बरणीपाशी वाकल्या आणि ओरडल्या, "अगं, त्येला पाय फुटलं! आता ते काय तारखंला थांबतंय?"

बाई धावत सर्जेरावांकडे गेल्या.

"पाय हायत? मग बरंच की," सर्जेराव म्हणाले. "पाव्हण्यांच्या पाया पडंल."

अखेर कालव्याकाठी मांडव पडला. फ्लेक्सवर सर्जेराव मोठे, पाहुणे त्याहून मोठे आणि कोपऱ्यात बेडूकमासा होता (वेळेवर फोटो न मिळाल्यानं रोहू मासा छापला होता). बरणीला शाल पांघरली, पुढ्यात नारळ ठेवला. पाहुण्यांनी या होतकरू तरुणाच्या खडतर प्रवासावर मनापासून भाषण केलं आणि फीत कापली. फडकं सुटताच बेडूक उडाला तो पाहुण्यांच्या फेट्यावर, तिथून हारावर, हारावरून सर्जेरावांच्या खिशावर आणि शेवटी थेट कालव्यात. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. सर्जेरावांनी माइक घेऊन दातांची मोजणी संपन्न झाल्याचं जाहीर केलं. बाई हातात भिंग धरून उभ्या होत्या. त्यांना रडू आवरेना. आता पुढच्या पावसाळ्यात पुन्हा घाट चढायचा होता.

कार्यक्रमाचा फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरला. त्यात बरणीमागे अर्धा तालुका उभा आहे. बरणी रिकामी आहे. बाईंनी त्याखालचं प्रत्येक अभिनंदन वाचलं. बरणीत कोण आहे, असं एकानं तरी विचारलं असेल, अशी त्यांना आशा होती.

तुम्ही तर त्याच फोटोखाली गुच्छाचं चित्र पाठवलंत.