करीमचाचांची घोडी आणि माझी डॉक्टरकी

जव्हारच्या बाजाराच्या टोकाला करीमचाचा नालबंदांची पडवी होती. तिथे खुरांना लोखंडी पत्री ठोकायला बैल आणला, की चाचा आधी त्याचे खूर बघायचेच नाहीत. मुलगी पाहायला आलेल्या सासूच्या बारकाईनं ते बैलाची मान, पोट, कानामागची जागा न्याहाळायचे आणि मालकाला विचारायचे, “चामखीळ?”

सापडली तर बैल परत जात नसे. पण त्याचा दोर वेगळा, त्याच्या पायाखालचं पोतं वेगळं, आणि काम झालं की चाचा कोपरापर्यंत हात साबणानं धुवायचे. मगच परसात बांधलेल्या आपल्या तांबड्या घोडीजवळ जायचे. त्या घोडीवर हत्यारांची पिशवी टाकून ते मोखाड्याच्या बाजाराला जात. घरात दुसरं कोणी नव्हतं. सगळी बडबड घोडीशी. सकाळी दार उघडलं की सुरू.

“बैलाची चामखीळ घोडीला बाधते,” हे त्यांचं पालुपद. “बैलाचं काय, चार महिन्यांत झडून जाते. घोडीला मात्र खाते!”

पोशेऱ्याचा एक म्हातारा एकदा वैतागून म्हणाला, “चाचा, माज्या बैलाच्या चामखिळीला पाय हायत काय, उडी मारून जायला?”

“पाय कशाला लागतात? माशा आहेत. माझे हात आहेत.”

मी तेव्हा तेवीस वर्षांची. गुरांच्या दवाखान्यात बदलून आलेल्या नव्या डॉक्टरांची नवी बायको. दुपारी ह्यांची पुस्तकं चाळायची आणि संध्याकाळपर्यंत निम्मी डॉक्टर व्हायची. लोक मला डॉक्टरीणबाई म्हणत, ते मी पदवी असल्यासारखं ऐकून घ्यायची. चाचांना तर मी पहिल्याच भेटीत शहाणं करायला घेतलं.

“चाचा, गुरांचे रोग गुरांत, घोड्यांचे घोड्यांत. रोग आपली जात सोडत नाहीत.”

“रोगाला जात असते होय, बाई?”

मी जोरात हसले. तेव्हा मी पुष्कळ प्रश्नांची उत्तरं अशीच द्यायची.

आता चामखिळीवरचा आपला घरगुती उपाय म्हणजे घोड्याच्या शेपटीचा केस. घट्ट बांधला की आठ दिवसांत चामखीळ गळून पडते. त्यामुळे आसपासचे सगळे चामखीळवाले चाचांच्या दारी यायचे. चाचा केस द्यायचे, पण लोखंडाच्या चिमट्यात धरून, हात लांब करून, आणि घोडीकडे बघूही न देता. माझ्या हनुवटीवर एक चामखीळ होती, तीही अशीच चिमट्यातल्या केसानं गेली. तेव्हापासून मी स्वतःला या विषयातली तज्ज्ञ समजू लागले.

आणि मग एका उन्हाळ्यात घोडीच्याच छातीवर गाठ आली. चिंचोक्याएवढी, मग आवळ्याएवढी. चाचा धावत दवाखान्यात आले. आमचे हे सूर्यमाळच्या पाड्यांवर गुरांना लस टोचायला गेलेले. घरात मी, निम्मी डॉक्टर.

“थांबा की दोन दिवस, डॉक्टरसाहेब येऊ देत,” असं म्हणायला काय हरकत होती? पण नाही! मी पदर खोचला, घोडीच्याच शेपटीचा केस उपटला आणि त्या गाठीला करकचून बांधला.

“बाई, पक्कं ना?” चाचांनी घोडीची मान धरून विचारलं.

“पक्कं! माझ्याकडे बघा की. हनुवटीवर आहे का काही?”

आठव्या दिवशी गाठ पडली. मी गूळ वाटला. ह्यांना मात्र काही सांगितलं नाही. चांगला मोठा अनुभव झाला, की एकदमच सांगू म्हटलं.

अनुभव पावसाळ्यानंतर आला. त्याच जागी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं काहीतरी उगवलं. रक्त ठिबकायचं, माशा घोंघावायच्या. ह्यांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

“याला केस कोणी बांधला होता? ही साधी चामखीळ नव्हे. कातडीचा कॅन्सर आहे. वरचं तोडलं आणि मूळ ठेवलं, की दुप्पट जोमानं वाढतो.”

तेवढ्यात चाचा म्हणाले, “मीच बांधला, साहेब. अडाणी माणूस. अक्कल नाही.”

हे त्यांना अर्धा तास बोलले. चाचा मान खाली घालून ऐकत होते आणि डॉक्टरीणबाई खांबाच्या आड उभ्या होत्या.

ह्यांनी मुंबईला आपल्या जुन्या सरांना पत्र टाकलं. उत्तर आलं: बैलाच्या चामखिळीचाच विषाणू घोड्याच्या कातडीत शिरून असल्या गाठी करतो, असा दाट संशय आहे. गाठ मुळासकट कापा, जागा डागा. नाहीतर जनावर हातचं जाईल.

मी ते पत्र दोनदा वाचलं आणि आपल्या हसण्याचा आवाज मला आठवला.

डाग द्यायचा म्हणजे लालभडक लोखंड, आणि तसं लोखंड धरणारा हात जव्हारात एकच. चाचा पडवीतून मला बाजूला घेऊन गेले.

“बाई, एक करा. घोडीचं डोकं तुम्ही धरा आणि तिच्याशी बोलत राहा. काहीही बोला. मी तोंडातून शब्द काढणार नाही. डागणारा मीच, हे तिला कळायला नको.”

घोडीच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. ह्यांनी जागा बधिर केली, गाठ कापली. चाचांनी भट्टीतून लोखंड काढलं. मी तिच्या कानाशी बोलायला लागले, आणि काय बोलावं ते सुचेना, म्हणून खरं तेच बोलले. “बाई गं, केस मी बांधला. चाचांनी नाही. मला काही कळत नव्हतं गं.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते पुन्हा रक्त टिपायला लागले. चाचांनी मान वर केली नाही. दात आवळून ते डागत होते, आणि त्यांच्या दाढीतून पाणी टपकत होतं. भट्टीच्या धगीचं म्हणावं, तर भट्टी चार हात लांब होती.

सगळं उरकलं. चाचा चिमटा ठेवून मागच्या दारानं गुपचूप बाहेर गेले. मी डोळ्यांवरचं फडकं सोडलं. थोड्या वेळानं पुढच्या दारातून चपलांचा मोठा आवाज करत, बाजारातून आत्ताच आल्यासारखे, चाचा आत शिरले.

“अरे, अरे! काय झालं गं माझ्या राणीला? कोणी केलं हे? नाव सांग मला त्याचं, बघतोच त्याला!”

घोडीनं मान पुढे करून त्यांचा हात हुंगला. बराच वेळ हुंगला. मग डोकं त्यांच्या खांद्यावर टाकलं.

घोडं माणसाला आवाजाच्या आधी वासानं ओळखतं, हे मी ह्यांच्या पुस्तकात वाचलेलं होतं. ते मी चाचांना कधीच सांगितलं नाही.