परबकाकांचे पावणे

बोरीवलीला आमच्या इमारतीच्या गच्चीवर सकाळी कुजबुजत बोलावं लागतं. तिथे देऊळ नाही, अभ्यासिका नाही. परबकाकांची चवळी आहे. कुणी पापड वाळत घालायला आलं आणि जिन्यातूनच मोठ्याने बोलायला लागलं, की काका ओठांवर बोट ठेवतात. "हळू. पावणे जेवतत."

पावणे म्हणजे किडे.

परबकाका मालवणकडचे, निवृत्त, पहिल्या मजल्यावर एकटे राहतात. मासळीबाजारातून आणलेल्या थर्मोकोलच्या खोक्यांत त्यांची चवळी, वांगी, भेंडी असते. प्रत्येक खोक्याच्या कडेला झेंडू, आणि मधूनमधून कोथिंबीर नि शेपू, तेही फुलांवर सोडलेले. कुणी शेपूची जुडी मागितली तर पाहुण्याच्या ताटातली सुरमईची तुकडी मागितल्यासारखं बघतात.

चवळीवर मावा दिसला म्हणून मी एकदा म्हणालो, "काका, औषध मारून टाका की."

"सेक्रेटरी, पावण्याक चाय गावली तर तो बसता. बसलो काय मग तेका मटाण दिसता."

चहा म्हणजे फुलं. मटण म्हणजे मावा, कोवळ्या शेंड्यांना चिकटून रस पिणारे ते बारीक काळे जीव. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे फुलांसाठी येतात, रमतात, अंडी घालतात, मग ते आणि त्यांची पोरं मिळून मावा फस्त करतात. पाहुण्यांची आबाळ नको म्हणून काका एका खोक्यातला मावा मुद्दाम राखून ठेवतात.

कमिटीला हे सोसवेना. मी सेक्रेटरी, म्हणून पत्र मीच लिहिलं: आपल्या कीटकांचा सभासदांना उपद्रव होत असल्याची तक्रार आहे. उत्तर आलं: सदर कीटक सभासद नसून पाहुणे आहेत, पाहुण्यांसाठी काही नियम असल्यास कळवावे. आम्ही दोन बैठका घेऊन नियमावली चाळली. पाहुण्यांनी गाडी कुठे लावू नये, एवढंच सापडलं.

आता जे सांगतोय ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

गेल्या दसऱ्याला फाटकाच्या तोरणाची फुलं आणायचं काम माझ्याकडे होतं. मी साफ विसरलो. पहाटे आठवलं. चेअरमनसाहेब सातला पूजेला येणार. मी कातर घेऊन गच्चीवर गेलो आणि काकांचा झेंडू एकजात कापला. एक फूल ठेवलं नाही. तोरण झकास झालं. चेअरमननी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

काका वरून आले ते थेट माझ्या दारात.

"झेंडू कोणी नेलो?"

"कबुतरं असतील," मी म्हणालो.

"कबुतरांका कातर कोणी दिली?"

मी चप्पल शोधायला लागलो. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं, तर काका फाटकाशी स्टुलावर चढून तोरणातला एकेक ढालकिडा काडेपेटीत घेत होते. खाली लोक हसत होते. मीही हसलो, कुणाला शंका येऊ नये म्हणून.

दरवर्षी दसऱ्याच्या संध्याकाळी मी आपट्याची पानं घेऊन घरोघर जातो, काकांकडेही. त्या संध्याकाळी मात्र त्यांच्या दारावरून पुढे गेलो.

पाहुणे काही टिकले नाहीत. शेपू-कोथिंबिरीच्या घोटभर चहावर भागेना. मावा राखीव खोक्यातून सगळ्या चवळीवर पसरला. काका रोज सकाळी तो बोटांनी पुसून काढताना दिसायचे, एकेक शेंडा, एकेक पान. औषध मारलं नाही. माझ्याशी बोलायचं मात्र त्यांनी थांबवलं, आणि मी गच्चीवर जायचं.

दिवाळीच्या तोंडावर सुकलेलं तोरण उतरवायला गेलो. एक फूल हातात चुरडलं आणि त्यातून काळ्या-पांढऱ्या काड्यांसारखं बी सांडलं. मी ते तोरण तसंच पिशवीत घातलं आणि काकांची बेल वाजवली.

"काका, झेंडू मी कापला होता."

"माका म्हायत होता."

"कातरीवरून?"

"नाय रे. सोना देऊक तू इलंस नाय, तेव्हाच समाजला." त्यांनी पिशवीत हात घालून फुलं चाचपली. "एवढी वर्सा ह्या दारात सोना घेऊन येणारो तू एकलोच."

टेबलावर एका बशीत दसऱ्याची बर्फी होती, दरवर्षी सोनं दिल्यावर मला मिळायची ती. दोनच तुकडे, कडेने सुकलेले. वर जाळीचं झाकण.

काका पिशवी घेऊन आत गेले. मी उभाच होतो. जायला वळलो, तर काका आतून म्हणाले, "खंय चललंस?"

त्यांनी टेबलावर चहाचा कप आणून ठेवला. मी बसलो.