सावंतसरांचा पांढरा पट्टा

भाईंदरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सावंतसर जिना उलटे चढायचे. "शत्रू नेहमी पाठीमागून येतो," असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात पाठीमागून फक्त दूधवाला भैया यायचा, आणि तोही "साब, जरा साइड" म्हणत.

सर परळहून राहायला आलेले, नोकरी कारकुनाची. पण हा गृहस्थ एका युद्धकलेचा संस्थापक होता. उत्तनजवळच्या पालीला कोळ्यांना जाळं ओढताना बघून त्यांनी ती बसवली आणि नाव ठेवलं 'जाळेहात'. रविवारी सकाळी गच्चीवर, वाळत घातलेल्या पापडांना वळसा घालत, आम्ही चार-पाच नोकरदार हवेतलं जाळं ओढायचो. "पाय रोव, मग बोल," हे सरांचं पालुपद. घरात मात्र पाय वहिनी रोवायच्या आणि सरांना बोलायला मिळायचं नाही.

आम्हाला सरांनी काळे पट्टे दिले. स्वतःच्या कमरेला मात्र वर्षानुवर्षं पांढरा, नवशिक्याचा. नियम त्यांचाच: पट्टा गुरूने आपल्या हाताने बांधायचा. आता संस्थापकाला गुरू कुठून आणणार? मीरा रोडची कराटेवाली पोरं चिडवायची, "अंकल, अभी तक व्हाइट?" सर हसायचे, पण त्या रविवारी क्लास लवकर सुटायचा. मला फार वाईट वाटायचं.

एकदा मी विचारलं, "पण सर, तुम्ही शिकलात कोणाचं बघून?"

"पालीच्या आंतोनमामांचं," सर म्हणाले. मग एक नवा काळा पट्टा पिशवीत टाकून आम्ही उत्तनची बस धरली.

पालीला आंतोनमामा दारात जाळं सांधत बसले होते. सरांनी वाकून नमस्कार केला आणि सगळं सांगितलं.

"मी न्हाय कोणाला शिकवलं," म्हातारा म्हणाला.

"मी शिकलो," सर म्हणाले.

मामांनी सरांना नीट न्याहाळलं, पट्टा घेतला आणि शर्टावरूनच बांधून जाळ्याची गाठ मारली. "आता न्हाय सुटायचा."

खरंच सुटेना. पोटावरून खालीही सरकेना. सर तसेच बसने घरी आले. वहिनी कात्री घेऊन पुढे झाल्या, तर सरांनी त्यांचा हात धरला. "राहू दे. गुरूने बांधलाय." वहिनींनी मुकाट्याने कात्री ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर जिन्यात भेटले, चक्क सरळ चढताना.

"सर, आज उलटे नाही?"

"गरज नाही रे," ते म्हणाले. "आता पाठीशी मामा आहेत."