सूनबाईंचा टायमर

बाबांना सकाळी जरा जास्त झोप मिळावी, एवढाच माझा हेतू होता. टायमर त्यातूनच निघाला.

बाबा म्हणजे माझे सासरे. घरामागे पोहण्याचा एक लहानसा तलाव आहे. पोहण्याचा म्हणायचं एवढंच, चार हात मारले की भिंत लागते. तो सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी बांधलेला. बाबा रोज पाचला उठून आधी पंप लावायचे, दहा मिनिटांनी हीटर, आणि सातला सासूबाई कोमट पाण्यात उतरायच्या. आमच्या लग्नानंतर दोनच महिन्यांत त्या गेल्या. बाबांचं पाचला उठणं मात्र गेलं नाही. पाणी रोज तापायचं. उतरायला कोणी नव्हतं.

"बंदच करून टाकू या का?" नवरा एकदा कुजबुजला.

"तू सांग त्यांना."

"मी?" म्हणाला आणि अंघोळीला गेला. (अवघड विषय निघाला की हा अंघोळीला जातो. आमच्या घरातला सर्वांत स्वच्छ माणूस तोच.)

मग मी टायमर सुचवला. लग्नाआधी मी इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत होते. तिथे मी फक्त ड्रॉइंग काढायचे, वायरी दुसरेच जोडायचे, हा तपशील सासरी मी फारसा उगाळला नव्हता. मेन बंद करून, चार तास घाम गाळून मी टायमर बसवला. पाचला पंप, पाच-दहाला हीटर. बटणांच्या डब्याच्या झाकणावर सासूबाईंच्या अक्षरातली जुनी चिठ्ठी होती: 'ओल्या हातांनी बटणाला हात लावायचा नाही!' ती तेवढी जपून तशीच ठेवली.

"आता निवांत झोपा, बाबा."

त्यांनी डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं. "छान झालंय," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून बाबा साडेचारला उठू लागले.

आठ दिवस मी गप्प बसले (ते मला चांगलं जमतं). नवव्या दिवशी मागे गेले. बाबा पंपाशेजारी स्टूल टाकून बसले होते. स्वेटर उलटा घातलेला.

"काय झालं, बाबा?"

ते दचकले. "अगं, तुझ्या वायरी उलट्या लागल्यात. आधी हीटर सुरू होतो, मग पंप. पाणी फिरत नसलं तर हीटर जळायचा. म्हणून उठून हाताने आधी पंप लावतो."

"मग मला सांगायचं ना!"

"एवढ्या हौसेने केलंस तू..."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दुपारी, त्यांची डुलकी लागल्यावर, मी गुपचूप वायरींची अदलाबदल केली.

दुसऱ्या दिवशी पाचला मागून हाक आली. हाक कसली, आरोळीच. धावत गेले, तर जळका वास सुटलेला आणि बाबांनी मेन खाली ओढलेला.

"काल वायरींना हात लावलास?"

"हो. सरळ केल्या."

"अगं, त्या मी पहिल्याच दिवशी सरळ केल्या होत्या!"

"मग रोज उठत का होतात?"

बाबा काठावर बसले आणि त्यांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. "गार आहे," म्हणाले. "गार असलं की ती पहिल्या पायरीवरूनच ओरडायची." हात तसाच पाण्यात ठेवून म्हणाले, "झोपून तरी काय करू, पोरी?"

मी शेजारी बसले. त्या गार पाण्यात पाय सोडून आम्ही दोघं उजाडेपर्यंत तसेच बसून राहिलो.

नाश्त्याला नवरा खुशीत होता. "बाबा, टायमर लावल्यापासून चेहरा कसा टवटवीत दिसतोय! झोप पूर्ण झाली की असं होतं." बाबांनी कपाआड जांभई लपवली.

टायमर त्याच दिवशी निघाला, आठवड्याने नवा हीटर बसला. पाचला पुन्हा बाबाच पंप लावतात आणि सातला मी पाण्यात उतरते. (पोहता येत नाही. नुसती उभी राहते आणि "गार आहे हो!" म्हणून ओरडते.)

डब्यावरची चिठ्ठी अजून आहे. तिच्याखाली बाबांच्या अक्षरात फक्त एक ओळ वाढलीय: 'सूनबाईंनी कोरड्या हातांनीसुद्धा नाही.'