वापीचं लायसन

वापीहून केडगावला कपाट आलं, गॅसचं कनेक्शन आलं, गच्चीवरची टीव्हीची छत्रीसुद्धा आली. गोरक्षराव नेटक्यांचं ड्रायव्हिंग लायसन तेवढं गुजरातमध्येच राहिलं. म्हणजे कार्ड त्यांच्या पाकिटातच होतं, पण त्यावर पत्ता वापीचा होता.

एरवी त्यावाचून कुणाचं काही अडलं नसतं. पण गोरक्षरावांचं अडलं. एकवीस वर्षं वापीच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात माल रवाना करायचं खातं सांभाळून, कारखाना बंद पडल्यावर ते मुलखात परतले होते. गाव नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं, पण "आता या वयात मला शेतातलं ऊन सोसायचं न्हाई," असं सत्यशीलाबाईंनी सांगून टाकल्यामुळे घर केडगावात घेतलं. घरापासून जवळच्याच एका शिक्षण संस्थेत वाहतूक प्रमुखाची जागा त्यांच्यासाठी जवळजवळ ठरलीही होती. चौदा स्कूलबस, चौदा ड्रायव्हर आणि त्या सगळ्यांवर गोरक्षराव. संस्थेचे सचिव मच्छिंद्र धांडेसर म्हणजे करड्या शिस्तीचा माणूस. त्यांनी एकच अट घातली.

"नेटके, लायसन चालू पायजे अन् पत्ता इथला पायजे. ड्रायव्हर लोकांना जो नियम, तो प्रमुखाला आधी."

"सर, एकवीस वर्षांत एक पावती फाटली न्हाई माझी," गोरक्षराव म्हणाले.

हे खरं होतं. त्यांना एकवीस वर्षांत कुणी अडवलंच नव्हतं, एवढा बारीक तपशील ते सांगत नसत.

घरी आल्यावर सत्यशीलाबाई म्हणाल्या, "त्यात काय, मोबाईलवर हुतंय ते. मी माझं जूनमधीच केलं."

"तुझी गोष्ट निराळी," गोरक्षराव म्हणाले. "तू गाडी चालवणार डेअरीपर्यंत. माझं लायसन अनुभवाचं हाय. ते समक्ष जाऊनच बदलायचं असतं."

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतः गाडी चालवत नगरच्या आरटीओत गेले. बोटात किल्ली गरगर फिरवत रांगेत उभे राहिले आणि नंबर आल्यावर खिडकीतल्या मॅडमनी "ऑनलाईन अर्ज केलाय का?" एवढं विचारायचा अवकाश, त्यांनी भाषणच सुरू केलं.

"मॅडम, मला एक सांगा. लायसन अख्ख्या भारतात चालतं का न्हाई? काश्मीरला चालतं, केरळला चालतं. मग पत्त्यासाठी माणसानं हेलपाटे का मारायचे? वापीला असं नव्हतं."

मागच्या रांगेतून दोघंतिघं "बरोबर हाय" म्हणाले. त्यामुळे गोरक्षरावांना आणखी चेव आला. देश एक, रस्ते एक, मग लायसन वेगळं कसं, असं बरंच काही ते बोलले. मॅडमनी तोवर कार्ड उलटंपालटं करून पाहिलं.

"चालतं की काका अख्ख्या भारतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण जिवंत असेल तर. हे मागच्या वर्षीच्या सप्टेंबरात संपलंय."

गोरक्षरावांनी कार्ड हातात घेतलं. त्यावरचा स्वतःचा फोटो त्यांनी आजवर शेकडो वेळा पाहिला होता, कारण त्या फोटोत डोक्यावर केस होते. खालची तारीख पाहायचं कधी सुचलं नव्हतं.

"आता नोव्हेंबर चालू आहे," मॅडम म्हणाल्या. "वर्ष उलटून गेलं. नुसता पत्ता बदलून भागायचं नाही. आधी लर्निंग काढा, मग महिन्यानं गाडी चालवून दाखवा. अगदी नव्यानं." मग त्यांचं लक्ष किल्लीकडे गेलं. "आणि गेले चौदा महिने गाडी कोण चालवतंय?"

बोटातली किल्ली फिरायची थांबली.

"मिसेस," गोरक्षराव म्हणाले.

"आत्ता आल्यात का त्या?"

"येतीलच."

मघाशी "बरोबर हाय" म्हणणारे आता कान देऊन ऐकत होते. फाटकापाशी खाकी गणवेशातले दोन निरीक्षक उभे होते. त्यांच्या देखत गाडी काढायची हिंमत काही गोरक्षरावांना झाली नाही. त्यांनी लिंबाखाली जाऊन बायकोला फोन लावला. पाऊण तासानं सत्यशीलाबाई रिक्षातून उतरल्या, कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करून आलेल्या. काही न विचारता त्यांनी हात पुढे केला, गोरक्षरावांनी किल्ली दिली. आयुष्यात पहिल्यांदा ते आपल्याच गाडीत डावीकडे बसले आणि केडगाव येईपर्यंत पायाखालच्या रबरी चटईवर ब्रेक दाबत राहिले.

"तिथं काही न्हाई," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "पाय दुखतील."

लर्निंगची परीक्षा कॉम्प्युटरवर होती. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. आजूबाजूला नुकतीच मिसरूड फुटलेली मुलं बसली होती. गोरक्षराव त्यांच्याकडे मायेनं पाहत बसले आणि पहिल्याच प्रश्नावर अडले. "झेब्रा क्रॉसिंगवर पादचारी दिसल्यास तुम्ही काय कराल?" थांबाल, हॉर्न वाजवून पुढे जाल, की वेग वाढवाल? काय करायला पाहिजे असं विचारलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण "तुम्ही काय कराल" असा सरळ प्रश्न होता आणि गोरक्षराव स्वभावानं प्रामाणिक. त्यांनी हॉर्न निवडला. असा प्रामाणिकपणा त्यांनी आणखी सहा ठिकाणी दाखवला आणि आठ गुणांवर नापास झाले.

"वापीच्या रस्त्यावर हे नियम चालत न्हाईत," ते घरी येऊन म्हणाले.

"परीक्षा वापीच्या रस्त्यावर न्हाई," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी वाहतुकीच्या नियमांची पुस्तिका हातात घेतली. त्या संध्याकाळपासूनच भाकरी थापता थापता त्यांनी नवऱ्याचा अभ्यास घ्यायला सुरुवात केली.

"म्होरं गुरं दिसली. काय करायचं?"

"हॉर्न."

"चुकलं. अरुंद पूल हाय, समोरून गाडी येती. काय करायचं?"

"त्याच्या आधी आपण घुसायचं."

"चुकलं. हात धुवा, जेवायला बसा."

दुसऱ्या खेपेला बारा गुण पडले. गोरक्षरावांना दहावीच्या निकालाला झाला नव्हता एवढा आनंद झाला. पण खरी पंचाईत पुढेच होती. गाडीला मागंपुढं लाल रंगाचा 'एल' चिकटवावा लागला आणि चालवताना शेजारी लायसनवाला माणूस बसवणं भाग पडलं. घरात लायसनवाला माणूस एकच होता. कुणी पाहू नये म्हणून दोघं सकाळी साडेसहाला सरावाला निघत. तिसऱ्याच दिवशी समोरच्या छबूबाई दारात सडा टाकताना दिसल्या.

"अवं नेटकेभाऊ, तुमी तर वापीला लई गाडी चालवायचा म्हनं?"

"सत्यशीलाला शिकवतोय," स्टिअरिंगमागून गोरक्षराव म्हणाले.

"मग ती त्या अंगाला का बसली?"

गोरक्षरावांनी थोडा विचार केला. "आधी बघून शिकायचं असतं," ते म्हणाले आणि गडबडीत वायपर सुरू करून निघून गेले.

इकडे धांडेसरांचे फोन सुरूच होते. "नेटके, कुठवर आलं लायसन?" गोरक्षराव म्हणत, "सर, गुजरातवरून एक कागद यायचाय." दर आठवड्याला तो कागद थोडा थोडा पुढं सरकायचा. एकदा सुरतेत आला, एकदा नाशकापर्यंत पोचला. शेवटी सर म्हणाले, "ह्या महिनाअखेरपर्यंत वाट बघतो. मग मला दुसरा माणूस घ्यावा लागंल." त्या दिवशी गोरक्षरावांना जेवण गेलं नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी नव्या गावात दुसरी नोकरी कोण देणार होतं?

चाचणीचा दिवस उजाडला. गाडीत पुढं डावीकडं निरीक्षक बसले, अंगानं किरकोळ, वयानं तिशीच्या आतले. मागं सत्यशीलाबाई. असा तरणा अधिकारी पाहून गोरक्षरावांचं वापी जागं झालं.

"साहेब, तुम्हाला म्हणून सांगतो. सहा वर्षांखाली कसारा घाटात..."

"हं. चला, सुरू करा."

तेवढ्यात मागून सत्यशीलाबाईंनी खांद्याला बोटानं टोचलं. घाटातला किस्सा नीट रंगवून सांगा, असं बायकोला सुचवायचं असावं, असं गोरक्षरावांना वाटलं. त्यांनी धुकं सांगितलं, बंद पडलेला टँकर सांगितला, टँकरवाल्याची करुण कहाणी सांगितली. सत्यशीलाबाईंनी पुन्हा टोचलं, या खेपेला जरा जोरात. गोरक्षरावांनी टँकरला आणखी एक टँकर जोडला. मग ऐटीत गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि हँडब्रेकला हात घातला.

"थांबा," निरीक्षक म्हणाले. "बंद करा गाडी. पुढच्या आठवड्यात या."

"का? मी तर अजून..."

"बेल्ट लावला नाहीत."

गोरक्षरावांनी आपल्या छातीकडे पाहिलं. तिथं फक्त इस्त्रीचा शर्ट होता. गाडी एक इंचही न हलवता ते नापास झाले होते.

"दोनदा टोचलं की ओ मी," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

मान खाली घालून ते गाडीतून उतरले आणि त्यांनी वर पाहिलं. रांगेत पुढच्याच नंबरला मच्छिंद्र धांडेसर उभे होते. एवढा वेळ त्यांनी सगळं पाहिलेलं होतं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. गाडीवरचा 'एल' दोघांच्या मधोमध लालभडक दिसत होता.

"नेटके," धांडेसर म्हणाले.

"सर," गोरक्षराव म्हणाले, "तो गुजरातचा कागद..."

"असू द्या." सरांचा आवाज नेहमीसारखा करडा नव्हता. "तुमची गाडी जरा देता का मला?"

"गाडी? कशाला, सर?"

सरांनी इकडंतिकडं पाहिलं आणि हातातली फाईल छातीशी घट्ट धरली. "माझा पुतण्या गाडी घिऊन येनार हुता. अजून आला न्हाई. संस्थेच्या गाडीनं आलो असतो तर ड्रायव्हरला कळलं असतं, म्हनून बसनं आलो." मग आणखी आवाज खाली आणून म्हणाले, "सात वर्षं झाली लायसन संपून. मागं बसायची सवय. बघितलंच न्हाई कधी."

तेवढ्यात पुकारा झाला. "धांडे मच्छिंद्र! लर्निंगवाले धांडे!" सगळ्या मैदानाला ऐकू गेला.

सर गोरक्षरावांच्या गाडीत बसले. एक अक्षर बोलले नाहीत. आधी बेल्ट लावला, तो दोनदा ओढून पाहिला, मग गाडी मुंगीच्या पावलांनी आठाच्या आकड्यात फिरवून आणली आणि पास झाले.

"तुमच्यामुळंच झालं," उतरल्यावर ते गोरक्षरावांना म्हणाले. "बेल्टचं माझ्या ध्यानातबी नव्हतं."

गोरक्षरावांनी गाडीवरचा 'एल' उगाच दाबून नीट बसवला.

"जागा पुढच्या आठवड्यापर्यंत रिकामी ठिवतो," सर म्हणाले. "पन आजचं कुठं बोलायचं न्हाई."

"न्हाई सर. तुमीबी."

पुढच्या गुरुवारी गोरक्षराव तोंड घट्ट मिटून चाचणीला बसले, पास झाले आणि एक तारखेला रुजूही झाले. पण सर पास झाले त्या दिवशी प्रश्न घरी जायचा होता. पुतण्याचा पत्ता नव्हता आणि सरांना बसस्टॉपवर पुन्हा कुणाच्या नजरेस पडायचं नव्हतं. त्यामुळे सत्यशीलाबाईंनी दोघांनाही गाडीत घेतलं. पुढं कोण बसणार यावरून "सर तुमी", "न्हाई नेटके तुमी" असं बराच वेळ झालं आणि शेवटी दोघंही मांडीवर फायली घेऊन मागं बसले.

केडगावच्या अलीकडे पोलिसानं हात केला. सत्यशीलाबाईंनी इंडिकेटर देऊन गाडी बाजूला घेतली, काच खाली केली आणि मागायच्या आत लायसन काढून दिलं. पोलिसानं पत्ता पाहिला, तारीख पाहिली, समाधानानं मान हलवली. मग वाकून मागं पाहिलं. दोन पोक्त माणसं दोन खिडक्यांतून दोन दिशांना बघत होती.

"ही साहेब मंडळी कोण, ताई?"

"लर्निंगवाले हायेत," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "एक पास झाला, एक राह्यलाय."