हॉटडिश टोळी आणि एल्डनची चाळणी

उत्तर मिनेसोटातला सर्वांत तल्लख मेंदू कोणाचा, असं टर्टल फॉल्स गावात कोणी कधी विचारलं नव्हतं. तरी एल्डन हॉगलंडकडे उत्तर तयार होतं. 'उबदार घर' या फोरमवर त्याने स्वतःची ओळख लिहिली होती ती अशी: 'निवृत्त विमा तपासनीस. एकाही जळक्या कोठाराने मला आजवर फसवलेलं नाही. नजर ससाण्याची, तर्क पोलादी, नम्रता उपजत.'

त्याची धाकटी बहीण मार्लिस रस्त्याच्या पलीकडे राहायची आणि फोरमची सहायक होती. नव्या सभासदांचं स्वागत करणं आणि एल्डन बोलत असताना कॉफी ओतणं, एवढी तिची कामं. घर तापवणारी फर्नेस बिघडली की लोक या फोरमवर प्रश्न टाकत आणि जाणकार मंडळी उत्तरं देत. एल्डनला फर्नेसमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याच्या घरी लाकडाची शेगडी होती. तो फक्त शिस्त राखायचा.

शिस्तीसाठीच त्याने प्रश्नांच्या मथळ्यांना नुकतीच चाळणी बसवली होती. मथळ्यात नको असलेला शब्द आला की यंत्र प्रश्न परत पाठवायचं आणि सांगायचं, 'कृपया मथळा अधिक नेमका करा.' कोणता शब्द खटकला ते सांगायचं नाही. एल्डनच्या मते त्याने लोकांना विचार करायची सवय लागते.

तो शनिवार उणे तीसचा होता. मार्लिस आठवडाभर फार्गोला लेकीकडे राहून आदल्या संध्याकाळी परतली होती. सकाळी उठली तर फर्नेस गप्प, आणि घर इतकं गार की तोंडातून वाफ निघत होती. गावातल्या एकुलत्या एका मेकॅनिकने सोमवारचा वायदा दिला. तोवर भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मागच्या हिवाळ्यात शेजारच्यांची फरशी अशीच उखडली होती. मार्लिसने सिंकखाली विजेचा छोटा हीटर लावला, कोट चढवला आणि फोरम उघडला. स्वतःसाठी प्रश्न विचारायची तिची ही पहिलीच वेळ.

'फर्नेस बंद पडली, मदत हवी.' परत.

'फर्नेस सुरू होत नाही.' परत.

'घर गार पडलं आहे.' परत.

'तळघरातलं यंत्र चालत नाही.' परत. 'बाहेर उणे तीस आहे आणि मी आत आहे,' असंही तिने लिहून पाहिलं. यंत्राने तेवढ्याच अदबीने मथळा नेमका करायला सांगितला.

शेवटी ती रस्ता ओलांडून भावाकडे गेली. एल्डन कॉम्प्युटरसमोर बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मोठ्या प्रकरणाचं तेज होतं.

"बरी वेळेवर आलीस. कॉफी ठेव. फोरमवर टोळी शिरली आहे."

"कसली?"

"हॉटडिशची. हे बघ."

मार्लिसने पाहिलं. पडदाभर एकच मथळा होता: 'बटाट्याच्या गोळ्यांची हॉटडिश किती वेळ भाजावी?' खाली परत तोच. त्याच्या खाली परत तोच. मिनेसोटात घरोघरी ओव्हनमध्ये भाजतात तो हा पदार्थ. माणसं वेगळी, गावं वेगळी, हॉटडिश एकच.

"आत काय लिहिलंय?" तिने विचारलं.

"मी उघडलेले नाहीत. पुराव्याला हात लावायचा नसतो. काल संध्याकाळी सगळ्यांना कुलूप घातलं, आता कोणाला उत्तर देता येणार नाही."

"उघडून बघितलं असतं तर कळलं असतं ना."

"कळण्याआधी तर्क करायचा असतो, मार्लिस. कळल्यानंतर कोणीही करेल." त्याने खुर्ची वळवली. "पहिली शक्यता, तस्करी. गोळ्या म्हणजे गोळ्या. किती वेळ भाजावी, म्हणजे माल किती वाजता पोचेल."

"एल्डन, माझी फर्नेस बंद पडली आहे."

"फोरमवर विचार ना. फोरम त्यासाठीच आहे. दुसरी शक्यता, विस्कॉन्सिन."

"विस्कॉन्सिनचं काय?"

"ती शेजारच्या राज्यातली माणसं हॉटडिशला हॉटडिश म्हणतच नाहीत. कॅसरोल म्हणतात. मग आपल्यावर संशय येऊ नये म्हणून ते काय लिहितील?"

"हॉटडिश?"

"बघ, तुलाही जमायला लागलं."

मार्लिसने कॉफी ओतली. तिचे हात अजून गार होते. फोरम प्रश्न घेत नाही, हे तिला सांगायचं होतं. पण ती ज्या घरात वाढली त्या घरात कोणाच्या कामाला नाव ठेवण्यापेक्षा गोठून मरणं सभ्यपणाचं समजलं जायचं. बराच विचार करून तिने तिच्या मानाने फार कडक शब्द वापरले.

"तुझी चाळणी जरा वेगळीच आहे, नाही का?"

"थँक्यू," एल्डन म्हणाला. "पुष्कळ मेहनत घेतली आहे तिच्यावर."

तिला रडू येईल असं वाटलं, म्हणून तिने बिस्किटांचा डबा उघडला.

एल्डनची तिसरी शक्यता सगळ्यांत भक्कम होती. प्रत्येक हॉटडिशवाल्याने प्रश्नाखाली आभार मानले होते, एवढं बाहेरूनच दिसत होतं. म्हणजे ही सगळी एकच व्यक्ती होती. मिनेसोटात आभार न मानणारा माणूस मार्लिसला आयुष्यात भेटला नव्हता, पण तिने वाद घातला नाही. पहिली हॉटडिश टाकणारी ती टोळीची म्होरकी, असं ठरवून एल्डनने आर्डिस टोलफसनला फोन लावला. आर्डिस पलीकडच्या गावात राहणारी, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली बाई. एल्डनने फोनचा स्पीकर चालू केला आणि आवाज खाली आणला.

"बाई, बटाट्याच्या गोळ्या कुठे जातात, हे आम्हाला माहीत आहे."

"ओव्हनमध्ये," आर्डिस म्हणाली.

"कोणाच्या?"

"माझ्याच. तुम्हाला भूक लागली आहे का?"

"तुमच्याबरोबर आणखी कोण आहे?"

"आमचे हे आहेत. पण ते झोपलेत. उठवू?"

एल्डनने बहिणीकडे पाहून भुवई उंचावली. आरोपी मुरलेला आहे, असा त्याचा अर्थ होता. मार्लिसने फोन आपल्याकडे ओढला.

"आर्डिस, मी मार्लिस. तुम्ही फोरमवर हॉटडिशचं का लिहिलंत?"

"नाहीतर प्रश्न जातच नाही ना गं. आमच्या फर्नेसचा पंखा खडखडत होता. मी काय काय लिहून पाहिलं. फर्नेस म्हटलं, पंखा म्हटलं, सगळं परत. शेवटी वैतागून रात्री जेवायला जे होतं ते लिहिलं, आणि गेला की प्रश्न. आत खरं काय ते लिहिलं. लोकांनी बघितलं, हे जातंय, मग सगळे तेच लिहायला लागले. छान चाललं होतं. काल मात्र कुलूप लागलं."

"मग एल्डनला कोणी सांगितलं का नाही?"

"कसं सांगणार गं? एवढ्या हौसेने बसवली त्यांनी. उगाच कशाला त्यांना वाईट वाटायला लावायचं."

मार्लिसने भावाकडे वळून विचारलं, "फर्नेस हा शब्द तू चाळणीत घातलास?"

"अर्थात," एल्डन म्हणाला. "इथे सगळे फर्नेसचंच विचारतात. मग मथळ्यात परत लिहायचं कशाला? घर, थंडी, पंखा, बंद, मदत, आत, बाहेर, हेही त्यातलेच. नुसती भरताड."

"आणि तुझे मथळे कसे जातात?"

"मला सूट आहे. मी आधीच नेमका आहे."

मार्लिसने त्याचं उत्तर ऐकून घेतलं आणि फोनमध्ये सरळ विचारलं, "आर्डिस, माझी फर्नेस सकाळपासून पेटत नाही. आतला छोटा दिवा लुकलुकतोय, बाकी काही नाही."

"बाहेरच्या भिंतीतून पांढरा पाइप निघतो ना, तो बघितलास? त्याचं तोंड बर्फाने बुजलं तर धूर बाहेर पडत नाही, आणि फर्नेस आपणहून बंद होते. मोकळा कर, मग बटण बंद करून परत चालू कर."

दोघं बहीणभाऊ रस्ता ओलांडून तिच्या घरामागे गेले. पांढरा पाइप कुठेच दिसत नव्हता. त्या भिंतीला टेकून बर्फाचा छातीइतका ढीग होता, आणि त्याच्यासमोरची गाडीवाट मात्र आरशासारखी साफ होती. बर्फ उडवायच्या यंत्राच्या चाकांचे माग सरळ एल्डनच्या गॅरेजपर्यंत गेलेले होते.

एल्डन मागांवर वाकला. "पायपुसणीएवढी चाकं. मालक उंच, उजव्या हाताचा, आणि मनाने उदार." मग तो सरळ झाला. "अरे हो. काल मीच काढला. तू यायच्या जरा आधी. आभार मानू नकोस."

मार्लिसने आभार मानले नाहीत. तिने फावडं घेतलं, गुडघ्यांवर बसून भिंतीपर्यंत खणलं आणि पाइपच्या तोंडातला बर्फ हातमोज्याने उकरून काढला. तळघरात जाऊन बटण दाबलं. फर्नेस एकदा खाकरली आणि सुरू झाली. नळ सोडला तर पाणी आलं. तिने सिंकखालचा हीटर बंद केला.

एल्डन स्वयंपाकघरात टेबलापाशी बसला होता. "प्रकरणाचा निकाल लागला म्हणायचा. गुन्हेगार मात्र हाती लागला नाही."

"एल्डन," मार्लिस म्हणाली, "लोकांचे प्रश्न तू अडवलेस. माझा पाइप तू बुजवलास. घरी जाऊन चाळणी काढ आणि ती कुलपंही काढ. आणि माझ्या अंगणातल्या बर्फाला परत हात लावू नकोस."

उभ्या जन्मात त्यांच्या कुटुंबात कोणी कोणाला सलग इतकं खरं बोललेलं नव्हतं.

"तुला झालंय काय?" त्याने हळूच विचारलं.

"थंडी वाजली," मार्लिस म्हणाली.

तो घरी गेला आणि मार्लिसने कॉफी केली. कॉफी निवायच्या आत फोरमवरची कुलपं निघाली, चाळणीही गेली, आणि पाठोपाठ पहिला प्रश्न आला. खालच्या रस्त्यावरच्या कोणा बाईचा होता. मथळा होता: 'घर गार. फर्नेस बंद. मदत करा.'

मार्लिसने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि फोरमवरचं आपलं पहिलं उत्तर लिहायला घेतलं. 'भिंतीबाहेरचा पांढरा पाइप आधी बघा. आणि तुमच्याकडचा बर्फ काढायला एल्डन हॉगलंड येऊन गेला होता का, तेही कळवा.'